पेंढ्याची मगर

तुकोजीरावांच्या घराण्यानं पाच पिढ्या तंजावरच्या राजांना शिकार घडवली, आणि पाच पिढ्यांत एकाही राजाचा नेम चुकला नाही. यात नेमाचा भाग थोडा होता. महाराज मचाणावर बसत. समोरच्या झुडपात काहीतरी हले. बार निघे. आणि झुडपामागे दडलेला तुकोजीरावांचा बाप किंवा आजा दोन श्वास मोजून, पहाटेच मारून आणलेलं काळवीट बाहेर फेकी. एका श्वासात फेकलं तर जनावर गोळीनं नव्हे, आवाजाला भिऊन मेल्यासारखं दिसतं. तीन श्वास घेतले तर महाराजांना शंका येते. म्हणून दोन. याला घराण्यात ‘फेक’ म्हणत आणि ती बाप मुलाला कानात सांगे. झुडूप हलायचं तेही दोरानं. दोर गवताच्या रंगाचा.

या कामाचं कागदोपत्री नाव ‘शिकारखान्याचे दारोगा’ असं होतं.

मग महाराज वारले, राज्य खालसा झालं, आणि सात वर्षांत शिकारखान्यातले चित्ते, ससाणे, काळविटं एकेक करून संपली. राहिली एक सहा हात लांबीची मगर. ती टिकली, कारण ती कोण्या आजोबांच्या काळीच मरून तिच्यात पेंढा भरलेला होता. डोळ्यांच्या जागी देवादिकांच्या तंजावरी चित्रांत बसवतात तसले काचेचे खडे होते. दारोगा रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकत आणि हे झालं की खात्याचं दिवसाचं काम संपे.

त्या वर्षी सरकारनं राजवाड्याच्या खात्यांची चौकशी लावली. ज्या खात्याला काम आहे असं दिसेल ते राहील, त्याच्या माणसांची किल्ल्यातली घरंही राहतील. बाकीच्यांनी पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आत घरं रिकामी करायची. पानखाना, अत्तरखाना, मशालखाना महिन्याभरात गेले. शिकारखान्याच्या चौकशीला विल्मॉट नावाचा साहेब आला. लांब मानेचा, उन्हानं सोललेल्या नाकाचा, आणि तमिळ पुस्तकातून शिकल्यामुळे देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा शुद्ध बोलणारा. त्यानं पेंढ्याची मगर ठेवली होती त्या खोलीचं दार बंद असल्याचं पाहिलं, ते उघडायला लावलं नाही, आणि विचारलं,

“नदीतली जनावरं तुम्हाला माहीत असतील?”

“पाच पिढ्या,” तुकोजीराव म्हणाले. हे खोटं नव्हतं. उत्तरही नव्हतं.

“मग मला कोल्लिडम नदीतून न्या. मला मगर दाखवा.”

“साहेबांना बंदूक कुठली लागेल?”

“बंदूक नको. मला नुसतं बघायचं आहे.”

तुकोजीराव घरी आले ते जेवायला बसले नाहीत. मेलेलं जनावर वेळेवर कसं पडावं, ही विद्या त्यांच्यापाशी होती. जिवंत जनावरानं आपणहून येऊन समोर बसावं, याची विद्या घराण्यात कोणी कोणाला दिलेली नव्हती.

“नुसतं बघून काय करतात?” त्यांच्या बायकोनं, वसुमतीबाईंनी, विचारलं.

“वहीत लिहितात.”

“आणि मगर दिसली नाही तर?”

“तर लिहितात, दिसली नाही. आणि आपण पोंगलला सणाचं दूध दुसऱ्याच्या चुलीवर उतू घालायचं.”

वसुमतीबाईंनी रसमचं पातेलं उतरवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, “आपली आहे की एक.”

तुकोजीरावांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. ही बाई शिकारखान्यात जन्मली असती तर फार पुढं गेली असती, असं त्यांना वाटलं.

बेत साधा होता. वसुमतीबाईंचा भाऊ राजगोपाल आदल्या दिवशी बैलगाडीत गवताखाली मगर घालून पुढं जाईल. तिरुवैयारुच्या उत्तरेला कोल्लिडमच्या पात्रात वाळूची बेटं आहेत, त्यांना तिथं तिट्टू म्हणतात. त्यातल्या तिसऱ्या तिट्टूवर, पाण्यापासून लांब, मगर ठेवायची. शेपटीला दोर बांधायचा आणि राजगोपालनं मागच्या लव्हाळ्यात बसायचं. नाव साठ पावलांवरून धारेत वाहत जाईल. दोर एकदा ओढला की शेपूट हलेल, साहेब वहीत लिहील, नाव पुढं जाईल. शिकारखाना वाचेल.

“एकदाच हलव,” तुकोजीरावांनी बजावलं. “जास्त हुशारी करू नकोस.”

“मी कधी केली, दाजी?” राजगोपाल म्हणाला. या प्रश्नावर तुकोजीरावांनी रात्रभर विचार केला.

सकाळी घाटावर आल्यावर पहिली अडचण दिसली. सरळ होडी मिळाली नव्हती. नावाडी मारिमुत्तू परिसल घेऊन आला होता. परिसल म्हणजे म्हशीच्या कातड्यानं मढवलेली बांबूची मोठी गोल टोपली. ती सरळ जात नाही, गिरक्या घेत जाते. त्यामुळे आत बसलेल्याला नदीचे दोन्ही काठ सारखेच दिसतात आणि कोणापासून काही लपवता येत नाही.

“बूट काढा, दोरै,” मारिमुत्तू साहेबाला म्हणाला. “खिळ्यानं कातडं फाटतं.”

साहेबानं निमूट बूट काढले. तो आत बसला, तुकोजीराव बसले, आणि पाणी कातड्याच्या काठापासून चार बोटांवर आलं.

“या पाण्यात मगरी आहेत ना?” साहेबानं आशेनं विचारलं.

“आहेत, दोरै. खालून बघितलं की त्यांना ही म्हैसच वाटते.”

पहिला कोसभर तुकोजीरावांनी पाण्याखेरीज कशाकडे पाहिलं नाही. पावसाळा सरून नदी खाली आली होती, पण धारेत ओढ होती. परिसल गिरकी घेई, झाडं फिरत, बुडाखालचं कातडं मऊ होऊन पायाला ढुशी देई, आणि दर ढुशीला तुकोजीराव पाय आखडून घेत. एका वठलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. दहा-बारा असतील, सगळे एकाच दिशेला तोंड करून. तुकोजीरावांची नजर सवयीनं फांदीवर दोर शोधू लागली. सापडला नाही. इतकी जनावरं कोणीही न बांधता आपणहून एका झाडावर बसतात हे पाहून त्यांना अस्वस्थ वाटलं.

“हे पंख का पसरतात, दारोगा?” साहेबानं विचारलं.

तुकोजीरावांना पक्ष्यांच्या दोनच जाती ठाऊक होत्या. मारता येण्यासारखे, आणि मारून उपयोग नसणारे.

“सवय आहे,” ते म्हणाले.

“पिसं भिजतात त्यांची,” मारिमुत्तू वल्हं मारता मारता म्हणाला. “बदकासारखी कोरडी राहत नाहीत. बुडी मारली की वाळवावं लागतं.”

साहेबानं लिहून घेतलं.

पुढच्या वळणावर उथळ पाण्यातून पाच पाणमांजरं वर आली. सगळ्यात मोठं मागच्या पायांवर उभं राहिलं, परिसलीकडे टक लावून पाहिलं, आणि शिट्टीसारखा आवाज काढला. साहेब श्वास धरून बसला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते तुकोजीरावांनी आजवर फक्त देवळात, आरती ओवाळताना, लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. मोठं जनावर पाण्यात शिरलं आणि जिवंत मासा तोंडात धरून आलं. मासा त्यानं पिल्लांसमोर सोडून दिला. पिल्लं त्यावर तुटून पडली, मासा निसटला. मोठ्यानं पुन्हा पकडला, पुन्हा सोडला.

“हे काय चाललंय, दारोगा?”

तुकोजीरावांनी मारिमुत्तूकडे पाहिलं. मारिमुत्तूनं आभाळाकडे पाहिलं.

“खेळतात,” तुकोजीराव म्हणाले.

“शिकवतंय, दोरै,” मारिमुत्तू म्हणाला. “धरून दिलं नाही तर पिल्लं उपाशी मरतील, आणि नुसतंच धरून दिलं तरी पुढं मरतील. म्हणून अर्धवट सोडतंय.”

साहेबानं तेही लिहिलं. मग वही मिटली आणि शांतपणे म्हणाला, “दारोगा, सकाळपासून सगळी उत्तरं नावाड्यानं दिली आहेत.”

तुकोजीरावांना आपलं घर दिसलं. अंगणातली विहीर, वसुमतीबाईंचा उंबरा, त्यावरची कोलमची रांगोळी. आणि त्या उंबऱ्यावरून उचलली जाणारी भांडी.

“लहानसहान गोष्टी मी नावाड्यावर सोडतो,” ते म्हणाले. “मगर आली की मी सांगेन.”

“कधी येईल?”

“आता तिसऱ्या तिट्टूवर.”

“तुम्हाला नक्की ठिकाणही माहीत आहे?” साहेब पुढं झुकला. परिसलही झुकली. दोन ओंजळी पाणी आत आलं.

तिसरं तिट्टू दिसलं आणि तुकोजीरावांना कळलं की राजगोपालनं हुशारी केली आहे. मगर पाण्यापासून लांब नव्हती. पाण्यापासून तीन हातांवर होती. तिचं तोंड उघडलेलं होतं, त्यात काठीचा टेकू असावा. आणि तोंडापुढं, जिवंतपणा यावा म्हणून, बकऱ्याची ओली आतडी ठेवली होती. त्यांचा लाल ओघळ वाळूवरून थेट पाण्यात उतरला होता.

“ती बघा, साहेब,” तुकोजीराव म्हणाले. “बघून घ्या. इथं धार जोराची आहे, थांबता येत नाही.”

“थांबव,” साहेब मारिमुत्तूला म्हणाला.

मारिमुत्तूनं बांबू वाळूत रोवला. परिसल जागच्या जागी थरथरत थांबली. नावाडी चांगला असला की अशी आपत्ती येते.

साहेबानं दुर्बीण लावली. “डोळा मिटत नाही.”

“मगरी मिटत नाहीत, साहेब.”

“हिरवा आहे. फार चमकतोय.”

तेवढ्यात शेपूट हललं. साहेबाच्या हातातली पेन्सिल पाण्यात पडली. त्यानं दुसरी काढली आणि चित्र काढू लागला. तुकोजीरावांनी मनातल्या मनात राजगोपालच्या सात पिढ्यांना क्षमा केली. झालं. आता निघायचं.

“अय्या,” मारिमुत्तू त्यांच्या कानाशी लागला. “मगरीच्या पोटाला टाके आहेत.”

“गप.”

“दोन उसवलेत म्हणून म्हटलं.”

साहेबानं वही मिटली. “जवळ जायचं आहे.”

“धोका आहे, साहेब,” तुकोजीराव म्हणाले. “ही चवताळलेली मगर आहे.”

“शांत दिसते.”

“मादी आहे. अंडी असतील. अंगावर येते.”

“मार्गशीर्षात अंडी घालत नाहीत, दोरै,” मारिमुत्तू म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

“वाळू धसते इथं. माणूस गिळते.”

साहेबानं तुकोजीरावांकडे बराच वेळ पाहिलं. ही नजर त्यांनी ओळखली. तिसऱ्या श्वासाला फेकलं की महाराज असेच पाहत, असं आजोबा सांगायचे. “दारोगा,” साहेब म्हणाला, “तीन वेळा भीती घातलीत. तिन्ही खोट्या. यापुढं माझ्याशी बोलू नका.” आणि अनवाणी पायानं तो वाळूवर उतरला.

दुर्बीण गळ्यात, वही हातात, पाण्याच्या अगदी कडेकडेनं तो पाऊल पाऊल चालू लागला, कारण ऊन पाठीवर हवं होतं. चाळीस पावलं होती. तो जवळ येतो आहे हे लव्हाळ्यातून पाहून राजगोपाल घाबरला असावा. घाबरला की तो कामाला लागतो. शेपूट पुन्हा हललं. मग आणखी. डावीकडे, उजवीकडे, अशा उत्साहानं की खरी मगर पाहती तर तिला लाज वाटली असती.

मारिमुत्तू इतका वेळ हसू दाबून बसला होता. तो एकदम थांबला.

“अय्या,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या मगरी किती?”

“एक.”

“मग ती पाण्यातली कोणाची?”

तुकोजीरावांनी पाहिलं. काठापासून वीसेक हातांवर, रक्ताचा ओघळ जिथं पाण्यात मिसळत होता त्याच्या सरळ रेषेत, पाण्यावर दोन गाठी होत्या आणि त्यांच्यापुढं हातभर अंतरावर आणखी एक. गाठी पुढं सरकत होत्या. पाण्यावर वळी उठत नव्हती. तुकोजीरावांनी दोर शोधला. जन्माची सवय, दुसरं काय. नव्हता.

“साहेब,” त्यांनी हाक मारली. “मागं या.”

साहेबानं मागं न बघता हात वर केला. गप्प.

“साहेब, मगर आहे.”

“तीच बघायला आलोय,” साहेब कुजबुजला.

पंधरा हात. साहेब आणि आतडी यांच्यात सात-आठ पावलं राहिली होती, आणि पाण्यातल्या गाठी त्या दोघांच्या मधल्या जागेकडे येत होत्या. तुकोजीरावांच्या घशाशी जे होतं ते पाच पिढ्यांत कोणी परक्यापुढं उच्चारलं नव्हतं. ते उच्चारलं की घर गेलं. विहीर गेली, उंबरा गेला. नाही उच्चारलं तर साहेब जाईल, आणि घर राहील. हा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पुरता एक श्वासभर राहिला.

“साहेब, वाळूवरची पेंढ्याची आहे,” ते ओरडले. “मीच ठेवलीय. आत पेंढा आहे. खरी पाण्यात आहे, तुमच्या डाव्या हाताला.”

साहेब थांबला. त्यानं पेंढ्याच्या मगरीकडे पाहिलं. राजगोपालनं दोर ओढला. शेपूट झोकात हललं.

“चौथी,” साहेब म्हणाला आणि पुढचं पाऊल टाकलं.

तुकोजीरावांनी उडी मारली. परिसल मागं उसळली, पाणी गुडघ्याला लागलं, धोतर पायांत आलं. पन्नाशीच्या माणसानं वाळूत धावू नये. पण ते पाण्याच्या कडेनं न जाता वरच्या अंगानं, तिरपे धावले, झुडपामागून धावतात तसे वाकून, आणि साहेबाच्या आधी पेंढ्याच्या मगरीच्या शेपटीशी पोचले. शेपूट दोन्ही हातांनी धरलं. दोराला पलीकडून हिसका बसला.

“सोड, मूर्खा,” तुकोजीराव म्हणाले. दोर सैल झाला.

पाण्यातली मगर पाण्यात राहिली नव्हती. ती काठावर होती, साहेबापासून चार हातांवर, आणि तिला आतड्यांपेक्षा साहेब जवळ होता. साहेबानं आता तिला पाहिलं होतं. तो पळाला नाही, ओरडला नाही. वही छातीशी धरून तो बघत उभा राहिला. बघायलाच आला होता.

घराण्याचा नियम बार ऐकल्यापासूनचा होता. इथं बार नव्हता. आधी फेकलं तर तिचं लक्ष जाणार नाही, उशीर झाला तर फेकून उपयोग नाही. जबडा उघडायला लागला तेव्हा तुकोजीरावांनी त्यालाच बार मानलं.

एक.

साहेबाच्या पायाशी वाळू सरकली.

दोन.

त्यांनी फेक केली. सहा हात लांबीची मगर शेपटीपासून गिरकी घेऊन हवेत गेली, तिचे हिरवे खडे उन्हात लखलखले, आणि ती साहेब आणि खऱ्या मगरीच्या बरोबर मध्ये जाऊन पडली. जबडा तिच्या पाठीवर मिटला. कोरडं कातडं फाटल्याचा आवाज झाला. खऱ्या मगरीनं तिला दोनदा झटकलं, आणि आतड्यांचा विचार सोडून, आपल्याएवढी शिकार घेऊन ती मागच्या मागं पाण्यात उतरली. क्षणभर नदी ढवळली. मग पेंढा वर येऊ लागला. जुना, काळा पडलेला, मुठीमुठीनं, आणि धारेबरोबर पूर्वेला निघून गेला.

लव्हाळ्यातून राजगोपाल उभा राहिला. त्याच्या हातात दोराचं टोक होतं. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

“दाजी,” तो म्हणाला, “आतडी माझी कल्पना होती.”

साहेबानं राजगोपालकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, पाण्यावरच्या पेंढ्याकडे पाहिलं. मग तो वाळूवर बसला. तुकोजीराव शेजारी बसले. आता राखण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. झुडूप, दोर, दोन श्वास, पाच पिढ्या. साहेब ऐकत होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,

“महाराजांना कधीच कळलं नाही?”

“कळलं असतं तर आम्ही पाच पिढ्या राहिलो नसतो.”

साहेबानं वही उघडली आणि लिहायला घेतलं. परतीच्या वाटेवर पाणकावळे तसेच बसले होते.

महिन्याभरानं सरकारी लखोटा आला. वसुमतीबाईंनी भांडी आधीच बांधून ठेवली होती. साहेबाच्या अहवालाचा मराठी उतारा सोबत होता. त्यात एक ओळ होती : ‘दारोगा आपल्या कामात निष्णात आहे, असं काम मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.’ तुकोजीरावांनी ती तीनदा वाचली. त्यांच्या बापाचं, आज्याचं काम उत्तम होतं, आणि ते उत्तम होतं म्हणूनच कोणाला कधी दिसलं नव्हतं. हे कागदावर पहिल्यांदाच उतरलं होतं.

“घराचं काय लिहिलंय ते वाचा,” वसुमतीबाई म्हणाल्या.

घराचं खाली, हुकमात होतं. साहेबानं अहवालात पेंढ्याचा उल्लेख स्पष्ट केला होता. पण कचेरीतल्या छापील नमुन्यात जनावराचं नाव आणि संख्या एवढेच रकाने होते, पेंढ्याला रकाना नव्हता. त्यामुळे कचेरीनं असं ठरवलं होतं की शिकारखान्याची मगर, नग एक, सरकारी अंमलदाराचा जीव वाचवताना नष्ट झाली आहे, आणि कामगिरीवर नष्ट झालेलं जनावर भरून दिल्याशिवाय खातं बंद करता येत नाही.

“म्हणजे राहिलं?” वसुमतीबाईंनी विचारलं.

“राहिलं.”

त्यांनी भांड्यांची गाठ सोडायला घेतली. तुकोजीराव मात्र अजून कागद धरून उभे होते.

“आणखी काय आहे?”

“शुक्रवारी गाडी येणार आहे. कोल्लिडममधून धरलेली, नऊ हात, जिवंत. मी ताब्यात घेऊन पोच द्यायची.”

वसुमतीबाईंचा हात गाठीवर थांबला. दाराशी बसलेला राजगोपाल खाकरला.

“दाजी, दोर आणू का?”

तुकोजीरावांनी कागदाची नीट घडी घातली.

“आण,” ते म्हणाले. “या खेपेला जाड बघ.”